ही तुमची कोण?

वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे असे मला कोणी विचारले तर मी घुटमळेन. अतिथी दारात आला म्हणजे आसन द्यावे, पाय धुवायला पाणी द्यावे, आधी त्याला वाढून मग आपण जेवावे, यावर आमच्या ग्रंथांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. पण वाटेवरचा माणूस अतिथी नव्हे. तो आपल्याकडे काही मागायला आलेला नसतो. तो त्याच्या वाटेने चाललेला असतो, आपण आपल्या; आणि मध्येच आपल्याला त्याच्याविषयी काहीतरी जाणून घ्यायची हुक्की येते. ती हुक्की पुरवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढाच आजचा विषय. लहान दिसतो खरा. पण सज्जनहो, या लहान विषयापायी मी दोन रात्री जागलो आहे, म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

सांगायला संकोच नाही, घरचीच गोष्ट आहे. दोन वर्षांमागे अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी कीर्तनासाठी बोलावले, म्हणून या वयात मी विमानात पाय ठेवला. तिथे माझी भाची आहे, धाकट्या बहिणीची मुलगी. वॉशिंग्टन शहराला लागून मेरीलँड म्हणून राज्य आहे, तिथे ती पुष्कळ वर्षे नोकरी करते. तिचे यजमान शाळेत गणित शिकवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. मुलगी अकरा वर्षांची, ती रंगाने बापावर गेली. मुलगा सात वर्षांचा, तो आजीवर, म्हणजे माझ्या बहिणीवर गेला, आणि बहीण आमच्या घरात सगळ्यांत गोरी. हे लग्न ठरले तेव्हा आमच्याकडे कोण काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलणाऱ्यांत मी नव्हतो. पण बोलणाऱ्यांना गप्प करणाऱ्यांतही नव्हतो, हे मात्र लिहिले पाहिजे.

कीर्तने आटोपली, मुलांना उन्हाळ्याची सुट्टी होती, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, चार दिवस डोंगरात जाऊ या. तुम्हाला सह्याद्रीची आठवण होईल." शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात शेनंडोआ नावाचे मोठे राखलेले रान आहे. ब्लू रिज म्हणून डोंगराची रांग आहे, तिच्या ऐन शिरेवरून एकशेपाच मैलांचा, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटरचा रस्ता काढलेला आहे. त्यावर मोटार तासाला पस्तीस मैलांच्या वर हाकायची नाही असा नियम. सह्याद्रीची आठवण काही झाली नाही. आपले कडे म्हणजे तलवारीने तासल्यासारखे. तिकडचे डोंगर बसकट, झाडीने गच्च झाकलेले, आणि लांबून खरोखरीच निळे दिसणारे. पण हवा मोठी आल्हादाची. हरणे रस्त्याच्या कडेला चरत असतात, माणसाला भीत नाहीत. असो. डोंगर बाजूला ठेवू, माणसांकडे येऊ.

पहिल्या दिवशी दरी दिसते अशा एका वळणावर मोटार थांबवली. तिथे एक वृद्ध गोऱ्या बाई दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. स्वभावाने फार गोड. मुलीच्या हाती दुर्बीण दिली, ससाणा उडताना कसा ओळखावा ते मुलाला समजावले. मग माझ्या भाचीकडे वळून म्हणाल्या, "मुलांना तुमचा लळा दिसतो. किती दिवस सांभाळता यांना?" भाची म्हणाली, "मोठीला अकरा वर्षे, धाकट्याला सात." बाईंच्या ध्यानात येईना. "इतकी जुनी दाई मिळायला भाग्य लागते," म्हणाल्या. भाचीने मला नंतर अर्थ सांगितला तेव्हा मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी एका खानावळीत पाचही जणांनी एका मेजावर बसून जेवण केले. वाढणाऱ्या पोराने बिले दोन आणली. एक भाचीचे आणि माझे, दुसरे जावयांचे आणि मुलांचे. कोणी सांगितले नव्हते. त्याने आपल्या मनानेच एका घराची दोन घरे करून टाकली. पोरगा बिचारा ओशाळला, लगेच बिल बदलून आणले. मुलीने आईला इतकेच विचारले, "या वेळी मी कोणाकडे होते?" म्हणजे हे नेहमीचे आहे, आणि पोरांनी त्याचा खेळ करून ठेवला आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र खेळ राहिला नाही. डार्क हॉलो नावाचा एक धबधबा आहे, तिथे पायवाटेने उतरून परत चढावे लागते. चढताना मुलाने बापाचे बोट धरले होते. भाची, मुलगी आणि मी मागे राहिलो होतो, कारण माझा गुडघा. वरून एक वयस्कर जोडपे उतरत होते. त्या गृहस्थांनी आधी बापाकडे पाहिले, मग मुलाकडे, आणि मुलापुढे उकिडवे बसून त्याला विचारले, "बाळ, तू ठीक आहेस ना? हे तुझे कोण?"

मुलगा काही बोलला नाही. सात वर्षांच्या मुलाला 'हे तुझे कोण' या प्रश्नाचे उत्तर द्यायची सवय कशी असणार? जावयांनी शांतपणे खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्या गृहस्थांपुढे धरला. मुलाच्या जन्मदाखल्याची ती नक्कल होती. गृहस्थ वरमले. "दिवस वाईट आहेत, काळजीपोटी विचारले, राग मानू नका," म्हणाले आणि उतरून गेले. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. पण त्यानंतर मुलाने बापाचे बोट धरले नाही. दहा पावले पुढे एकटाच चालत राहिला. मी धापा टाकत मागून येत होतो आणि त्या दहा पावलांकडे पाहत होतो.

त्या रात्री आमचा मुक्काम लुईस माउंटन नावाच्या तळावर होता. जावयांनी तिथला इतिहास सांगितला. १९३९ साली हा तळ खास काळ्या लोकांसाठी म्हणून वेगळा काढलेला होता. रान सरकारी, डोंगर सर्वांचा, पण उतरायचे काळ्यांनी एका जागी आणि गोऱ्यांनी दुसऱ्या. १९५० पर्यंत ही वेगळेपणाची रीत तिथून उठली. त्यांचे आजोबा त्या जुन्या काळात इथेच उतरले होते, म्हणून ते मुद्दाम इथे उतरतात. आजोबांच्या मोटारीत एक पुस्तिका असे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचे टपालवाले होते, त्यांनी ती १९३६ पासून छापायला घेतली. कोणत्या गावात काळ्या माणसाला उतरायला जागा मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे मोटारीला तेल मिळेल, याची यादी. 'ग्रीन बुक' म्हणून ती ओळखली जाई. आपण वारीला निघताना मुक्कामाची गावे लिहून घेतो ना, तसेच. फरक इतका की आपल्या यादीबाहेरच्या गावातही आपल्याला कोणी पाणी नाकारीत नाही. एक दिवस असा येईल की ही पुस्तिका छापण्याची गरजच उरणार नाही, अशी आशा त्यातच छापलेली असे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत ती खरोखरीच बंद पडली. आपला धंदा बुडावा म्हणून आशा करणारा छापणारा मला दुसरा ठाऊक नाही.

पण त्या यादीतही अडचण होती. काळ्यांची जागा काळ्यांना, गोऱ्यांची गोऱ्यांना. ज्या घरात दोन्ही आहेत त्याने जावे कुठे? जावई म्हणाले, "अशा घराला या राज्यात जागा नव्हती, कारण असे घर असू शकते हेच कायद्याला मान्य नव्हते." आणि त्यांनी मला रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवराबायकोचे आख्यान सांगितले. ते तुम्हालाही सांगितले पाहिजे.

याच व्हर्जिनिया राज्यात कॅरोलाइन परगण्यात सेंट्रल पॉइंट म्हणून लहानसे खेडे आहे. रिचर्ड गोरा, विटांचे बांधकाम करणारा गवंडी. मिल्ड्रेड काळ्या आणि तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या वंशातली. लहानपणापासूनची ओळख. राज्यात अशा लग्नाला बंदी, म्हणून १९५८ च्या जून महिन्यात दोघे वॉशिंग्टनला गेली, तिथे कायदेशीर लग्न लावले आणि गावी येऊन राहू लागली. जुलैत एके रात्री दोनच्या सुमारास परगण्याचा शेरीफ शिपाई घेऊन घरात शिरला. दोघे झोपेत. डोळ्यांवर विजेऱ्यांचा झोत. आणि त्याने नवऱ्याला विचारले, ही बाई तुझी कोण? बायकोने उत्तर दिले, मी यांची पत्नी आहे. भिंतीवर लग्नाचा दाखला चौकटीत लावलेला होता, तो दाखवला. शेरीफ म्हणाला, तो इथे चालत नाही.

वाचकहो, इथे जरा थांबा. धबधब्यावरचा गृहस्थ आणि हा शेरीफ एका मापाचे नव्हेत. एक काळजीपोटी विचारतो, दुसरा पकडायला येतो. पण प्रश्न पाहा. प्रश्न तोच आहे, आणि दोन्हीकडे उत्तर म्हणून कागद काढावा लागला आहे. माझ्या दोन रात्री गेल्या त्या या साम्यावर.

पुढचे आख्यान थोडक्यात. रिचर्डला एक रात्र कोठडीत ठेवून सोडले. मिल्ड्रेड गरोदर असून तिला मात्र अनेक दिवस ठेवले. १९५९ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती एका अटीवर तहकूब केली. राज्य सोडून जा, आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून एका वेळी या राज्यात पाऊल ठेवू नका. हेच न्यायाधीश पुढे १९६५ साली निकालपत्रात असे लिहून गेले की, देवाने निरनिराळ्या रंगांची माणसे निरनिराळ्या खंडांत ठेवली, त्याअर्थी त्यांनी एकमेकांत मिसळू नये हीच त्याची इच्छा. मग गोऱ्या माणसाला त्या खंडात कोणी ठेवले आणि काळ्याला जहाजात घालून कोणी आणले, हे त्यांना विचारणारा कोणी तर्कशास्त्री त्या कचेरीत नव्हता. देवाच्या नावावर आपला हिशेब लिहिणारे लोक सगळ्या मुलखांत आहेत. आम्ही शास्त्र शिकलेल्यांनी तिकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. अनुलोम आणि प्रतिलोम हे शब्द काही अमेरिकेत जन्मले नाहीत, आणि निरनिराळ्या जातींच्या हिंदूंचे लग्न कायदेशीर आहे असे साफ सांगायला आपल्याकडेही १९४९ साली कायदा करावा लागला.

तर ती दोघे वॉशिंग्टनला नातलगाकडे राहिली. मुले झाली. गावी जायचे ते चोरून, वेगवेगळे. १९६३ साली मिल्ड्रेडने देशाच्या न्यायखात्याचे प्रमुख रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले. त्या पत्रातली मागणी मला फार लागली. आम्हाला तिथे राहता येणार नाही हे आम्हाला कळते, असे म्हणून तिने एवढेच विचारले होते की, अधूनमधून गावी जाऊन घरच्यांना भेटता तरी येईल काय. म्हणजे काय? मुलांना सुट्टीत आजोळी न्यायची परवानगी मागत होती बाई! आपली पोरे मे महिन्यात मामाच्या गावाला जातात, तेवढेच. केनेडींनी तिला वकिलांच्या एका संस्थेकडे धाडले, दोन तरुण वकिलांनी खटला लढवला, आणि १२ जून १९६७ रोजी देशाच्या वरिष्ठ न्यायालयाने एकमताने असले सगळे कायदे रद्द ठरवले. तेव्हा सोळा राज्यांत ते चालू होते. अलाबामा राज्याने तर आपल्या घटनेतला तो मजकूर पुसायला २००० साल उजाडू दिले. लव्हिंग कुटुंब आपल्या गावी परतले. रिचर्ड १९७५ साली मोटारीच्या अपघातात गेला, मिल्ड्रेड २००८ साली गेली.

आता विचाराकडे येऊ. मी लहानपणी पाठशाळेत तर्कसंग्रह घोकला. गुरुजी छडी घेऊन बसत आणि विचारीत, पर्वतावर विस्तव आहे हे कशावरून? आम्ही ओरडून सांगायचो, धूर दिसतो त्यावरून. कारण स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव आपण बरोबर पाहिलेले असतात. पुन्हा पुन्हा पाहिल्याने मनात गाठ बसते, तिला व्याप्ती म्हणतात. मग गुरुजी उलट विचारीत, विस्तव आहे म्हणून धूर असेलच काय? आम्ही फसायचो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धूर व्हायला विस्तवाबरोबर ओले लाकूड लागते. ते ओले लाकूड आपल्या डोळ्यांआड राहते आणि आपण विस्तवालाच धुराचा धनी समजतो. या आड राहिलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि उपाधी असलेला हेतू खोटा.

धबधब्यावरच्या त्या गृहस्थाचे अनुमान आता तपासा. बाप काळा, मूल गोरे, म्हणून हे बाप-लेक नसावेत. हे त्याला कशावरून वाटले? जन्मभर त्याने तसेच पाहिले म्हणून. बरे, जन्मभर तसेच का दिसले? कारण १६९१ पासून या राज्यात दोन रंगांच्या लग्नावर कायद्याचा बडगा होता, आणि १९२४ साली तो आणखी कडक केला होता. (त्या १९२४ च्या कायद्याची एक गंमत. गोरा म्हणजे ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा थेंब नाही तो, अशी व्याख्या केली. पण राज्यातली बडी घराणी पोकाहोंटास नावाच्या तिथल्या मूळच्या राजकन्येचे वंशज म्हणवून घेण्यात भूषण मानीत! मग त्यांच्यासाठी सोळाव्या हिश्शाची सवलत ठेवली. सोवळ्यात अशा खिडक्या सगळीकडे असतात.) तेव्हा या गृहस्थाने जे पाहिले ते जग नव्हते, कायद्याने कापून त्याच्यापुढे ठेवलेला जगाचा तुकडा होता. त्याच्या अनुमानातले ओले लाकूड म्हणजे तो कायदा. १९६७ साली त्या देशात नव्याने लग्न करणाऱ्यांत शंभरात तिघे निराळ्या वंशाच्या जोडीदाराशी लग्न करीत, २०१५ साली हे प्रमाण शंभरात सतरावर गेले होते. लाकूड काढून घेतले, तरी डोळ्यांत धूर राहिलाच आहे.

म्हणून मी त्याला दुष्ट म्हणत नाही. त्याचे अज्ञान खरे आहे. पण ते निसर्गाने दिलेले अज्ञान नव्हे, तीन शतके खपून तयार केलेले अज्ञान आहे. आणि त्याचे मोल कोण देतो? विचारणाऱ्याला फुकट मिळते. मोल सात वर्षांच्या पोराने दिले, ती दहा पावले.

इथे पूर्वपक्ष असा येईल. कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही फार ताणता. एखादे मूल खरेच कोणी पळवून नेत असेल तर? विचारणे हे कर्तव्यच नव्हे का? आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकीत नाही. मूल रडत असेल, हात सोडवून घेत असेल, तर रंगाकडे न पाहता विचारलेच पाहिजे. पण इथे मूल बोट धरून धबधब्याची गोष्ट सांगत चालले होते. ज्याला काळजी होती त्याने मुलाचा चेहरा पाहायला हवा होता. त्याने कातडी पाहिली. काळजी डोळ्यांना नीट पाहायला शिकवते. ज्या काळजीने दिसेनासे होते ती काळजी नव्हे, तिला भय म्हणावे.

दुसरा पूर्वपक्ष आपल्या घरचा आहे, आणि तो मला अधिक अवघड जातो. आपल्याकडे विचारणे म्हणजे प्रेम. वाटेवर माणूस भेटला आणि त्याला गाव, पोरेबाळे, पाऊसपाणी काही न विचारता पुढे गेलो तर आपण त्याला माणूसघाणे वाटतो. न विचारण्याचाही अपमान असतो. मग विचारायचे तरी कसे? भाची म्हणाली, "मामा, लोक आम्हाला विचारतात त्याचं काही नाही हो. दुसऱ्यांना विचारतात, वाट कशी आहे, अस्वल दिसलं का. आम्हाला विचारतात, तुम्ही कोण." या तिच्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. सगळ्यांना जे विचारता ते आम्हालाही विचारा, इतकेच ती मागते आहे. पण यानेही पुरते समाधान होत नाही. कारण 'कुठले तुम्ही' हा आपला सगळ्यांत साधा प्रश्न. तो आमच्या जावयांना तिथे कोणी विचारतो तेव्हा त्यात 'इथले नक्कीच नव्हेत' हे आधीच धरलेले असते. त्यांचे पूर्वज त्या मातीत आलेले, विचारणाऱ्याच्या पूर्वजांच्या कितीतरी आधी! शब्द तेच राहून अर्थ फिरतो. तेव्हा अमुक प्रश्न चांगला, अमुक वाईट, अशी यादी मला करता आलेली नाही. एवढे कळले की विचारण्याआधी आपण मनात उत्तर ठरवून ठेवले आहे का, हे ज्याचे त्याने पाहावे.

हे लिहिताना मला माझी एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. वय पंचविसाच्या आत, आषाढीची वाट, एका गावी पंगत बसली होती. मी पाणी वाढत होतो. शेजारच्या दिंडीतला एक पोरगा आमच्या पंगतीत येऊन बसला. कपाळी बुक्का, गळ्यात माळ, पायांना माझ्यासारखेच फोड. पाण्याचा तांब्या हातात धरून मी त्याला विचारले, "आडनाव काय रे तुझं?" किती प्रेमाने विचारले म्हणून सांगू! त्याने सांगितले. मी पाणी वाढले, नाही असे नाही. पण तांब्या जरा उंच धरला. भांड्याला तांब्या लागू नये इतका, चार बोटे. कोणाच्या लक्षात आले नाही. त्याच्या आले. तो जेवला, पत्रावळ उचलली आणि गेला. पुढच्या मुक्कामी मी त्याला शोधले, दिसला नाही. पंढरपूरचे देऊळ सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपवास केला, ते उघडले, त्याला तेव्हा तीन तपांवर काळ लोटला होता, आणि त्या उपवासावर मी व्यासपीठावरून बोलतही असे. देवळाचे दार उघडले होते. चार बोटे माझ्या हातात होती.

आमच्याकडे माणसाच्या कातडीवरून कळत नाही, म्हणून आम्ही आडनाव विचारतो. अमेरिकेतला माणूस डोळ्यांनी जे करतो ते आम्ही कानांनी करतो. धबधब्यावरच्या गृहस्थाचा मला राग का येईना, याचे कारण मला त्या रात्री तंबूत कळले.

त्याच रात्री मुलाने आईला विचारले, मी बाबांसारखा का दिसत नाही. आईने सांगायचे ते सांगितले. मग ती म्हणाली, "मामाआजोबांना विचार, त्यांना गोष्टी येतात." मोठा प्रसंग होता माझ्यावर. मी त्याला आमच्या देवाचे सांगितले. पांडुरंग या नावाचा अर्थ शुभ्र रंगाचा, आणि मूर्ती पाहावी तर काळी कुळकुळीत. कीर्तनकारांनी यावर पिढ्यान्पिढ्या अर्थ लावले, पण देवाने कधी नावही बदलले नाही आणि रंगही नाही. त्याला हे आवडले. मग मी सूरदासांच्या एका पदातली गोष्ट सांगितली. गोरा बलराम सावळ्या कृष्णाला चिडवतो, नंदबाबा गोरे, यशोदा गोरी, तूच कसा काळा? तुला तर विकत आणलेला आहे! गोपाळांची पोरे चुटक्या वाजवून हसतात. कृष्ण रडत घरी येतो, आणि यशोदा गाईंची शपथ घेऊन सांगते की मी तुझी आई आणि तू माझा मुलगा.

मुलगा म्हणाला, "आणि ते खरं होतं?"

सज्जनहो, चाळीस वर्षे मी ही गोष्ट सांगतो, हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही. जन्मदाखला पाहू गेलो तर यशोदेची शपथ खोटी. कृष्ण देवकीचा. गोकुळाच्या वेशीवर त्या गृहस्थाने यशोदेला अडवून कागद मागितला असता तर तिच्याजवळ दाखवायला काही नव्हते. तरी तिची शपथ खोटी पडली असे म्हणायला आजवर एकही पंडित धजला नाही. मी मुलाला म्हणालो, "खरं होतं." त्याने बापाकडे पाहिले. जावई मराठी फारसे समजत नाहीत; भाचीने त्यांना सांगितले, तेव्हा ते काही न बोलता त्याच्याजवळ सरकून बसले. मुलगा उठून गेला नाही. बोटही धरले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस झाला. तळावर सगळीकडे ओल. आम्ही आवराआवर करीत होतो, इतक्यात शेजारच्या तंबूतली एक म्हातारी गोरी बाई आमच्याकडे येताना दिसली. भाचीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. जावयांचा हात, मी पाहिले, खिशाकडे गेला. बाई जवळ आली आणि मुलाला म्हणाली, "माझं लाकूड सगळं भिजलं रे. तुमच्याकडे कोरडं आहे का?"

आदल्या दिवशी विकत घेतलेली मोळी मोटारीत होती. मुलाने बापाला हाक मारली, दोघांनी मिळून ती उतरवली, अर्धी बाईच्या तंबूपाशी नेली आणि तिची चूल पेटेपर्यंत दोघेही तिथेच फुंकर घालीत बसले.